तोंडाने सांगा, कॉम्प्युटर लिहील. पण आकडे हाताने टाका



सचिनच्या आपल्या ऑफिसात अर्ज घेऊन येणारे बरेच जण म्हणतात, "मी सांगतो, तुम्ही लिहा." वारं ओळखणारा माणूस कागदापुढे गप्प होतो. मग बाहेर पैसे मोजून अर्ज लिहून घ्यायचा आणि न वाचताच सही ठोकायची. हे थांबावं म्हणून पावसाळी बंदीत आम्ही बोलून टाइप करायच्या सोयी वापरून बघितल्या. घरात किंवा ऑफिसात कॉम्प्युटर असेल त्यांनी जरूर वाचा.

पहिली गोष्ट, घाईने पैसे भरू नका. ड्रॅगन हे या कामातलं जुनं आणि नावाजलेलं सॉफ्टवेअर, १९९७ पासूनचं. पण त्यात मराठी नाही आणि गुजरातीही नाही. आपल्या उपयोगाचं काय?

गूगलने २०१७ मध्ये बोलून टाइप करायच्या सोयीत मराठी आणि गुजराती आणली. कॉम्प्युटरवर क्रोममध्ये गूगल डॉक्स उघडा, 'टूल्स'मध्ये 'व्हॉइस टायपिंग' घ्या आणि भाषा मराठी निवडा. विंडोज ११ असेल तर विंडोजचं बटण आणि एच एकत्र दाबा, तिथेही मराठी मिळते. दोन्हींना वेगळे पैसे नाहीत, पण इंटरनेट लागतं.

आपल्याकडे घरी मराठी, बाजारात गुजराती, कारखान्यात हिंदी. बोलताना तिन्ही मिसळतात आणि मशीन तिथेच अडखळतं. म्हणून एका वेळी एकच भाषा ठेवा. अर्ज गुजरातीत द्यायचा असेल तर आधी भाषा बदला, मग बोला.

निवडायचं कसं? आपल्या रोजच्या कामाचा एक कागद घ्या. त्यात पापलेट, बोंबील, घोळ, कोळंबी ही नावं असू द्या, बोटीचं नाव आणि चार आकडे असू द्या. तोच कागद दोन्हीकडे वाचा आणि चुका मोजा. ज्यात कमी चुका, ते आपलं. जाहिरातीपेक्षा ही परीक्षा खरी.

आमच्या परीक्षेत साधी वाक्यं छान उमटली. पण "पावणेदोनशे" सांगितलं तर एकदा नुसतेच "दोनशे" आले. हिशेबात पंचवीस रुपयांची चूक म्हणजे भांडणच की! म्हणून सव्वा, दीड, अडीच, पावणे असं बोलू नका. वजन, रक्कम आणि बोटीचा नोंदणी नंबर हातानेच टाका. नोंदणीतला एक आकडा चुकला तर अर्ज परत येतो आणि हेलपाटे आपल्यालाच पडतात. पूर्णविराम, स्वल्पविरामही हाताने द्यायची तयारी ठेवा.

माईककडे लक्ष द्या. शेजारी लूम चालू असेल तर कॉम्प्युटरच्या आतल्या माईकचं काही खरं नाही. तोंडाजवळ माईक असलेला साधा हेडफोन घ्या, दार लावा आणि सावकाश बोला.

जुन्या फायली श्री-लिपीसारख्या फॉन्टमध्ये असतील तर त्यात हा मजकूर नीट बसत नाही, कारण बोलून येतो तो युनिकोड. नवीन फाईलच करा.

आणि एक महत्त्वाचं. आपण बोलतो ते इंटरनेटवरून कंपनीच्या मशीनकडे जातं. आधार नंबर, बँक खातं, ओटीपी कधीही बोलून टाइप करू नका.

शेवटी, अर्ज तयार झाला की घरातल्या शिकलेल्या पोराकडून किंवा पोरीकडून मोठ्याने वाचून घ्या. आपण सांगितलं तेच लिहिलंय याची खात्री झाली, की मगच सही.

ज्यांना शिकायचं आहे त्यांनी आपला एखादा जुना अर्ज घेऊन ऑफिसात या. आपण बसून करू.

आपला,
सचिव