आकड्याची जागा

महाराष्ट्रातून तंजावरला गेलेला माणूस बृहदीश्वराच्या देवळाच्या आवारात शिरला की आधी नैर्ऋत्येचा कोपरा शोधतो. तिथल्या भिंतीवर सरफोजीराजांनी 1803 मध्ये कोरून घेतलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास आहे. परमुलखात आपली बाळबोध अक्षरं दगडावर भेटली की ऊर भरून येतो, फोटो निघतात आणि मंडळी नंदीकडे वळतात. या धांदलीत विमानाच्या, म्हणजे शिखरासकट गाभाऱ्याच्या इमारतीच्या, जोत्यावरचे तमिळ लेख बघायचे राहून जातात. मी ड्रॉइंगच्या धंद्यातला. मला ते लेखच जास्त जवळचे वाटतात.

राजराज चोळाच्या काळात, म्हणजे हजारेक वर्षांपूर्वी, देवळाला दिलेल्या धातूच्या मूर्तींची मापं त्यांत नोंदली आहेत. मूर्ती इतके मुळम, इतके विरल उंच, म्हणजे इतके हात, इतकी बोटं. पुढे लगेच खुलासा: पायापासून केसांपर्यंत. पीठाची उंची निराळी दिलेली. मोजणी देवळातच जपलेल्या हाताच्या मापानं झाली, हेही लिहिलेलं. आकडा, तो कुठून कुठपर्यंतचा आणि कोणत्या मापाचा. आमच्या ड्रॉइंगवर तरी याहून वेगळं काय असतं?

गंमत म्हणजे खुद्द विमानाच्या उंचीचं असं नाही. गाइड 216 फूट सांगतात, म्हणजे जवळजवळ 66 मीटर. युनेस्कोच्या वर्णनात 59.82 मीटर आहे. फरक सहा मीटरचा, दोन मजल्यांचा! कोणाचं बरोबर, या वादात मी पडत नाही. पण कुठून कुठपर्यंत हे न सांगता दिलेली उंची मी तरी शीटवर चढवणार नाही.

आता याच जोत्याचा सेक्शन ऑटोकॅडमध्ये काढायचा म्हणा. देवळाच्या जोत्याला एकावर एक थर असतात: उपान, जगती, कुमुद, कंठ. काही हातभर उंच, काही चार बोटांचे. जोत्याच्या एकूण उंचीचं डायमेन्शन दिलं की आकडा रेघेवर ऐटीत बसतो. त्रास असतो तो चार बोटांच्या पट्ट्यांचा. दोन एक्स्टेन्शन लाइनींच्या फटीत आकडा मावत नाही, मग सॉफ्टवेअर तो बाहेर ढकलतं. शेजारच्या पट्टीचाही तसाच बाहेर येतो आणि दोघे एकमेकांच्या उरावर बसतात. असे आठ-दहा थर झाले की कडेला नुसता मुंग्यांचा पुंजका दिसतो.

नवा मुलगा इथे हमखास घसरतो. एक तर सगळ्याच आकड्यांची उंची कमी करतो, आणि मग प्रिंट वाचायला भिंग लागतं. नाहीतर डायमेन्शन एक्स्प्लोड करतो. रेघा सुट्या, बाण सुटे, आकडा सुटा. मनाला येईल तिथे नेऊन ठेवता येतो. पण त्या क्षणी तो मेला. उद्या पट्टीची जाडी बदलली तरी आकडा जुनाच बोलत राहणार. तिसरं पाप सगळ्यांत वाईट: मोजलेल्या आकड्यावर दुसरा आकडा टाइप करणं. त्याबद्दल इथे बोलतही नाही.

खरं तर सोय हाताशीच असते. डायमेन्शनवर क्लिक करा, आकड्याच्या ग्रिपवर माउस क्षणभर थांबवा, यादी उघडते. ‘मूव्ह विथ डिम लाइन’ घेतलं तर आकड्याबरोबर रेघही सरकते. ‘मूव्ह टेक्स्ट ओन्ली’मध्ये रेघ जागेवर राहते, आकडा तेवढा मोकळा होतो. ‘मूव्ह विथ लीडर’मध्ये तो लांब जातो, पण बारीक रेघेनं मूळ जागेशी बांधलेला राहतो. चिंचोळ्या थरांना माझ्या मते हाच उपाय. फार विस्कटलं तर ‘रीसेट टेक्स्ट पोझिशन’, आकडा परत घरी. सगळ्या शीटला एकच शिस्त हवी असेल तर डायमेन्शन स्टाइलमधल्या ‘फिट’च्या पानावर ती एकदाच लावावी. या साऱ्यात आकड्याची जागा बदलते, किंमत नाही. रेघ लांबवली की तो आपोआप नवं माप सांगतो.

बाकीचे नियम बोर्डावर टी-स्क्वेअर फिरायची तेव्हापासूनचे आहेत. लहान मापं वस्तूजवळ, मोठी बाहेर, म्हणजे रेघा एकमेकींना कापत नाहीत. आकडा शीटच्या खालून किंवा उजवीकडून वाचता यावा. हॅचिंगमध्ये आकडा आलाच तर त्याच्याभोवती हॅच तोडावं.

हे मी शहाणपणानं सांगतो आहे, पण शिकलो ते एका खिडकीवर. न्हाणीघराची खिडकी 1600 ची होती. जागा अपुरी म्हणून मी आकडा डावीकडे सरकवला, तो नेमका एक्स्टेन्शन लाइनीला चिकटला. स्क्रीनवर झूम केल्यावर सगळं स्वच्छ. प्रिंटवर मात्र 1 चा आकडा उभ्या रेघेत विरघळला आणि गवंड्यानं 600 वाचलं. न्हाणीघराला 600 ची खिडकी असते, त्यामुळे त्याला शंका यायचं कारणच नव्हतं. भिंत फोडावी लागली. माझा आकडा बरोबर होता, हे मी पुष्कळ दिवस सांगत फिरलो.

आकडा हाती यायला काय पडतं, हे बृहदीश्वराच्या देवळाला माहीत आहे. कावेरीच्या सपाट मुलखात नारळीच्या झाडांनी नजर अडते, म्हणून सर्वेक्षण करणारा विल्यम लॅम्ब्टन देवळांच्या उंच भागांवर यंत्र चढवी. 1808 मध्ये तंजावरच्या या मोठ्या देवळावर अर्ध्या टनाचा थिओडोलाइट चढवताना दोर तुटला, यंत्र दगडावर आपटलं आणि त्याचं 36 इंची वर्तुळ वाकलं. लॅम्ब्टननं स्वतःला सहा आठवडे कोंडून घेतलं आणि ते वर्तुळ पुन्हा गोल केलं. पुढे मोजत मोजत उत्तरेकडे सरकताना 1823 मध्ये तो वारला, आपल्या वर्ध्याजवळच्या हिंगणघाटला.

तेव्हा ड्रॉइंग काढणाऱ्या पोरापोरींना एकच विनंती. फाइल मेल करण्याआधी खऱ्या स्केलला एक प्रिंट काढा, हातभर लांब धरा आणि सॉफ्टवेअर कधी न पाहिलेल्या माणसाकडून सगळे आकडे मोठ्यानं वाचून घ्या. जिथे तो अडखळेल, तिथला आकडा हलवा.