भेटीची घोषणा कापू नका!

एका जुन्या कॅसेटची गोष्ट आज सांगावयाची आहे. कॅसेट आमच्या घरची आहे. परंतु तिने उभा केलेला प्रश्न साऱ्या समाजाचा आहे, म्हणून येथे लिहीत आहोत.

१४ एप्रिल १९८३ ची रात्र. मनमाडमधील रेल्वेरुळालगतची आमची वस्ती. याच मनमाडमध्ये फेब्रुवारी १९३८ मध्ये जी. आय. पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे आपले दोन शत्रू असल्याचे बजावले होते. त्या रात्री मिरवणूक आटोपल्यावर वस्तीत गायन पार्टीचा कार्यक्रम झाला. आमच्या वडिलांनी आखातातून आलेल्या एका शेजाऱ्याचा टेपरेकॉर्डर मागून आणला, मंचासमोर खुर्चीवर ठेवला आणि नव्वद मिनिटांची कॅसेट भरून घेतली.

वडील गेल्यानंतर पत्र्याच्या पेटीत ही कॅसेट सापडली. घरात ती वाजवायला यंत्र उरले नव्हते, म्हणून एका स्टुडिओत घेऊन गेलो. पेटी, ढोलकी, कोरस, टाळ्या, मध्येच मालगाडीची शिट्टी. खुर्चीजवळ कोणी तरी खोकते, ते आमचे वडील. आणि दर गाण्यानंतर निवेदकाचा आवाज: अमुक यांजकडून पाच रुपये भेट, तमुक यांजकडून एक रुपया भेट, पार्टी आभारी आहे, जयभीम!

त्या यादीत अचानक आमच्या आजीचे नाव आले. 'आयुष्मती' म्हणून पूर्ण नाव, आणि गायन पार्टीस दोन रुपये सप्रेम भेट.

आमची आजी इंजिनांच्या राखेतून अर्धवट जळलेला कोळसा वेचायची आणि तो विकून चूल पेटवायची. लोक तिला 'ए कोळशावाली' म्हणून हाक मारीत. रेशनकार्डावर ती फक्त आजोबांची बायको होती. तिचे नाव लाऊडस्पीकरवरून, सन्मानाने, चारचौघांत उच्चारले गेले ते आमच्या माहितीत एकदाच. त्या एका क्षणाचा पुरावा या फितीवर आहे.

स्टुडिओतला मुलगा भला होता. तो म्हणाला, "सर, मधली बडबड कापून टाकतो, खोकला-शिट्टी काढतो, गाणी एकदम स्वच्छ करून देतो." खरे सांगतो, आजीचे नाव ऐकू आले नसते तर आम्हीही "काढ" म्हणालो असतो. एवढ्यासाठीच हा लेख.

शास्त्रीय संगीताच्या जुन्या मैफलींची ध्वनिमुद्रणे बाजारात येतात. त्यांत तंबोरे जुळवण्याचा आवाज असतो, श्रोत्यांची 'वाहवा' असते. जाणकार त्याला मैफलीचा माहोल म्हणतात आणि जपतात. मग कोळसा वेचणाऱ्या बाईने दिलेली दाद 'बडबड' कशी ठरते? तिने पोटाला चिमटा काढून दिलेले दोन रुपये, हीच तिची वाहवा होती. आमच्या गायन पार्ट्यांना ना राजाश्रय होता, ना शेठजींची देणगी. चळवळीचे गाणे कोणाच्या पैशावर जगले, याचा हिशेब या घोषणांमध्ये आहे. तो कापला तर गाणे उरेल, पण ते पोसणारा समाज पुसला जाईल.

या कॅसेटमध्ये एक नाव मात्र कायमचे हरवले आहे. पंचेचाळीस मिनिटांनी पहिली बाजू संपली, वडिलांनी कॅसेट उलटी करेपर्यंत गाण्याचा शेवटचा अंतरा निघून गेला. आपल्या शाहिरांची नाममुद्रा बहुधा शेवटच्या अंतऱ्यातच असते. त्यामुळे ते गाणे कोणी रचले, ते आज सांगता येत नाही. असे कितीतरी कवी आपण हरवले असतील!

हे होऊ नये म्हणून मोठी माणसे आयुष्यभर झिजली. भीमराव कर्डकांनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले. वामनदादा कर्डकांना तरुणपणापर्यंत अक्षरओळख नव्हती. पुढे त्यांनी हजारो गीते रचली. वामनदादा आणि प्रल्हाद शिंदे दोघेही २००४ साली गेले. विठ्ठल उमप यांनी नोव्हेंबर २०१० मध्ये नागपूरच्या दीक्षाभूमीवर, कार्यक्रमाच्या मंचावरच अखेरचा श्वास घेतला. ही नावे आपल्याला ठाऊक आहेत. परंतु त्यांच्यामागे वस्तीवस्तीत गाणारे हमाल, गिरणी कामगार, खलाशी, शिक्षक, मोलकरणी होत्या. त्यांच्याकडे कोणती रेकॉर्ड कंपनी आली? स्वस्त कॅसेट आली तेव्हा कुठे ध्वनिमुद्रणाचे साधन आपल्या माणसांच्या हाती पडले. आपला आवाज आपणच जपून ठेवला, तो कपाटात, माळ्यावर, पेटीत. आज त्या फितींना बुरशी लागते आहे, त्या चिकटताहेत, तुटताहेत.

तेव्हा समाजबांधवांनो, आणि भगिनींनो, घरातल्या कॅसेटी भंगारात देऊ नका. कॅसेटच्या वरच्या कडेवरील दोन लहान प्लास्टिकचे तुकडे मोडा, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरे काही भरले जाणार नाही. चांगल्या यंत्रावर दोन्ही बाजूंची अथपासून इतिपर्यंत नक्कल करा, आणि ती एकाच मोबाइलमध्ये न ठेवता तीन-चार ठिकाणी ठेवा. गाणी साफ करायची असतील तर वेगळ्या प्रतीत करा. मूळ प्रतीला हात लावू नका. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वस्तीतल्या वृद्धांना बसवून ती ऐकवा. ढोलकी कोणाची, कोरसमध्ये कोण, भेट देणारे कोण, हे विचारा आणि वहीत लिहा. फीत आणखी काही वर्षे टिकेल. ते आवाज ओळखणारी माणसे तेवढी थांबणार नाहीत. हे काम प्रत्येक बुद्धविहाराला एका रविवारी सुरू करता येईल.

आम्ही वस्तीत तसेच केले. यादीतले एक नाव ऐकून मागच्या रांगेतली एक म्हातारी ताडकन उठली आणि म्हणाली, "अरं, ही तर माझी माय!" पुढचे गाणे सुरू झाले तरी तिचे डोळे पुसणे चालूच होते.

आमच्या आजीचे दोन रुपये त्या फितीवर जमा आहेत. ते खोडण्याचा अधिकार कोणालाही नाही. आम्हालासुद्धा नाही.

जयभीम!