एकदा दाबले, दोनदा लागले : माऊसच्या बटणाचा बिघाड कसा ओळखावा?

आज बिल, चलन, ई-वे बिल, बँकेचा व्यवहार ही बहुतेक दुकानांतली कामे संगणकावर होतात आणि त्यातले बरेचसे ओझे माऊसच्या डाव्या बटणावर पडते. हे बटण साफ बंद पडले तर निदान लगेच कळते. पण बहुधा ते अर्धवट बिघडते. एकदा दाबले तरी संगणक ते दोनदा दाबल्याचे समजतो. यादीतले नाव निवडायला जावे तर ते उघडते. फाईल ओढून नेताना ती मध्येच सुटते आणि भलत्याच पार्टीच्या खात्यात जाऊन पडते. 'पुढे' म्हणावे तर तपासायचा मजकूर न पाहताच पान पुढे सरकते.

यात नुकसान होऊ शकते. एकदा निघालेल्या ई-वे बिलात वाहनाचा तपशील बदलता येतो, पण मालाचा किंवा किमतीचा तपशील दुरुस्त करता येत नाही. ते २४ तासांच्या आत रद्द करून नवे काढावे लागते. तोवर गाडी दारात उभी राहते. म्हणून व्यापारी बंधूंनी या बिघाडाकडे दुर्लक्ष करू नये.

बिघाड होतो कसा?

बटणाच्या प्लास्टिकखाली एक चिमुकला स्विच असतो. त्यात तांब्याच्या मिश्रधातूची पातळ पट्टी स्प्रिंगप्रमाणे ताणून बसवलेली असते. बटण दाबताच ती उडी मारून दुसऱ्या टोकाला टेकते. आपल्याला ऐकू येणारी 'टक' ती हीच. टेकताना पट्टी क्षणभर थरथरते. नवा माऊस ही थरथर मोजत नाही. पण पट्टी झिजली, तिचा ताण कमी झाला किंवा टोकावर गंज-काजळी धरली की थरथर लांबते आणि एका दाबाचे दोन दाब मोजले जातात. या स्विचचे आयुष्य १ कोटी, २ कोटी दाब असे सांगितले जाते. पण माऊसमधील वीज इतकी कमी असते की टोकावरची काजळी तिने जळून जात नाही. त्यामुळे मुदतीआधीही बिघाड होतो.

आधी तपासा, मग खर्च करा

१. बिनतारी माऊस असेल तर सेल बदला. तारेचा असेल तर दुसऱ्या खाचेत लावा.

२. विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये 'माऊस' उघडा. तिथे दुहेरी क्लिकचा वेग ठरवण्याच्या जागी फोल्डरचे छोटे चित्र असते. त्यावर दोन-दोन सेकंद थांबून वीस वेळा एकेकदा दाबा. एकदाही चित्र उघडले-मिटले तर बटण दोषी समजावे.

३. तोच माऊस दुसऱ्या संगणकावर लावा. तिथेही तेच घडले तर दोष माऊसचा आहे. न घडल्यास पहिल्या संगणकाची मांडणी पाहावी. एका दाबातच फोल्डर उघडण्याची सोय कोणी चालू केलेली असते आणि नाहक माऊसला दोष दिला जातो.

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. रुईचे तंतू माऊसच्या पोटाखालच्या डोळ्यात अडकले तर बाण थरथरतो किंवा उड्या मारतो. तो बटणाचा बिघाड नव्हे. मऊ ब्रशने साफ केल्यास तो जातो.

तात्पुरती तजवीज

हातातले काम अडले असेल तर मांडणीत जाऊन उजवे बटण मुख्य करावे. डाव्याचे काम उजवे करील. टॅलीप्राइममध्ये नोंद कंट्रोल आणि ए या कळांनी जतन होते, तिथे माऊसची गरजच नाही.

दुरुस्ती

वॉरंटी शिल्लक असेल तर माऊस उघडू नये, बिल घेऊन दुकानदाराकडे जावे. वॉरंटी संपली असेल तर तार किंवा सेल काढून मगच उघडावा. स्क्रू बहुधा तळाच्या गुळगुळीत पट्ट्यांखाली लपलेले असतात. स्विचमध्ये आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब सोडून बटण अनेकदा दाबल्यास काही दिवस सुधारणा दिसते, पण झिजलेली पट्टी त्याने नवी होत नाही.

खरा इलाज स्विच बदलणे हाच. त्याला तीन पाय असतात. जुना झाळ काढून, दिशा न बदलता, त्याच मापाचा नवा बसवायचा. मोबाईल दुरुस्त करणारा कोणताही हुशार कारागीर हे काम करू शकतो. अनेक माऊसमध्ये डावा व उजवा स्विच एकाच मापाचा असतो. तेव्हा कमी वापरलेला उजवा डावीकडे घेऊनही काम भागते.

माऊस अगदी स्वस्तातला असेल तर मजुरीपेक्षा नवा परवडतो. महागड्या माऊसचा मात्र स्विच बदलण्यात फायदा आहे. आणि गल्ल्याशेजारी एक जादा माऊस ठेवलेला बरा. गाडी भरून उभी असताना बाजारात धावण्याची पाळी येत नाही.