अठरा गुण आणि सात चुका

रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतून वडील नुकतेच परतलेले असतात, आणि त्यांच्या खिशातला फोन हाती येताच चौथीतले मूल पंचवीस प्रश्नांची सराव चाचणी सोडवावयास बसते. गुरुजींनी चाचणीचा दुवा सकाळीच धाडलेला असतो. तो उघडावयास मात्र रात्र उजाडावी लागते, कारण घरात फोन एकच. दहा मिनिटांत निकाल झळकतो : पंचवीसपैकी अठरा. वडील समाधानाने मान डोलावतात. उरलेले सात प्रश्न का चुकले, हे कोणी विचारीत नाही.

राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१७ साली ज्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, मुलास शाळेत न धाडणाऱ्या पालकास दंडाची तरतूद केली, तेथे शिष्यवृत्ती मिळविणाऱ्या मुलाच्या अभिनंदनाचा फलक चौकात लागावा यात नवल नाही. पण हा केवळ कौतुकाचा विषय नव्हे. २०२३ मध्ये शिष्यवृत्तीची रक्कम वाढवून पाचवीसाठी वर्षाला पाच हजार व आठवीसाठी साडेसात हजार रुपये करण्यात आली. आर्थिक दुर्बल घटकांतील आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी असलेली राष्ट्रीय शिष्यवृत्ती तर नववी ते बारावी अशी चार वर्षे दरसाल बारा हजार देते. महिन्याला हजार रुपये म्हणजे अनेक घरांत मुलीची शाळा चालू राहणे किंवा सुटणे, एवढा फरक होय.

महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या परीक्षेत प्रत्येक प्रश्नपत्रिकेस पंचाहत्तर प्रश्न आणि नव्वद मिनिटे असतात. म्हणजे एका प्रश्नास बाहत्तर सेकंद. सरावावाचून हा वेग येत नाही, हे उघडच आहे. आणि सराव आज फुकट मिळतो : परिषदेच्या संकेतस्थळावर मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका उत्तरसूचीसह आहेत, बालभारतीच्या पुस्तकांवरील चौकटी संकेतातून 'दीक्षा'वरील धडे उघडतात, आणि चित्रफितींना तर गणतीच नाही. अर्थशास्त्राच्या अध्यापकास येथे एक जुनाच प्रश्न सुचतो. एखादी वस्तू विपुल झाली की तिच्या जोडीची कोणती वस्तू दुर्मिळ ठरते? प्रश्नसंचांचा दुष्काळ संपला. चूक समजावून सांगणाऱ्या मोठ्या माणसाचा अर्धा तास मात्र पूर्वीइतकाच, किंबहुना अधिक, महाग झाला आहे.

माझ्या भाचीचेच उदाहरण घ्या. बुद्धिमत्ता चाचणीत आरशातील घड्याळाचा प्रश्न असतो. चार वाजून चाळीस मिनिटे झाली असता आरशात किती दिसतील? भाचीने क्षणात सांगितले, सात वाजून वीस. अकरा वाजून साठ मिनिटांतून वजा करावयाचे, ही युक्ती तिने चित्रफितीत पाहिली होती. मी विचारले, मग पाण्यातील प्रतिबिंबात? तिने पुन्हा तीच वजाबाकी केली. तेव्हा तिच्या आईने भिंतीवरचा आरसा उतरविला, वहीत घड्याळ काढले, आरसा आधी बाजूला व मग खाली धरला. डावे-उजवे कधी बदलते आणि वर-खाली कधी, हे पोरीने वीस मिनिटे उलटसुलट करून पाहिले. त्या वीस मिनिटांत एकही चाचणी 'पूर्ण' झाली नाही.

गुणांचा आकडाही फसवा असतो. चुकीच्या उत्तरास गुण वजा होत नसल्याने पर्याय चार असता डोळे मिटून ठेवलेले बोटही चारात एकदा नेमके पडते. सोळा प्रश्न खरोखर येणारे मूल उरलेल्या नऊंवर नुसते कयास लढवूनही सरासरीने आणखी दोन गुण मिळविते. अठरा दिसतात, येतात सोळाच. शिवाय पडद्यावर बोट लावणे निराळे आणि परीक्षागृहात उत्तरपत्रिकेवरील वर्तुळ पेनाने काळे करणे निराळे; तेथे एक ओळ चुकली की पुढची सारी उत्तरे एका घराने सरकतात. हा अनुभव फोन देत नाही.

आणखी एक अडचण नव्यानेच उभी राहिली आहे. ही परीक्षा पूर्वी चौथी व सातवीस होती. २०१७ पासून ती पाचवी व आठवीस झाली. २०२५ मध्ये शासनाने ती पुन्हा चौथी-सातवीकडे नेण्याचा निर्णय घेतला. परिणामी महाजालावरील बहुतेक सराव साहित्य पाचवी-आठवीचे आहे, आणि चौथीचे म्हणून जे सापडते त्यातले पुष्कळसे दहा वर्षांपूर्वीच्या पाठ्यपुस्तकांवर बेतलेले. पालकाने हे ओळखावे कसे? चौथीच्या पोरास पाचवीचे अपूर्णांक सोडवावयास बसवून नंतर 'गणित कच्चे आहे' असा शिक्का मारणारी घरे मी पाहतो आहे. कोणता संच कोणत्या इयत्तेस योग्य, एवढी निवड केंद्रातील शिक्षकांनी एकत्र बसून केली, आणि आठवड्यास एक प्रश्नपत्रिका छापून शाळेतच सोडवून घेतली, तर वडिलांच्या फोनची वाट पाहावी लागणार नाही. खर्च झेरॉक्सच्या चार पानांचा. तो शालेय व्यवस्थापन समितीने उचलावा.

भाचीच्या वहीत आता चुकलेल्या प्रश्नांचे एक वेगळे पान असते. गेल्या रविवारी त्यातील नऊ प्रश्न तिने पुन्हा सोडविले. चार पुन्हा चुकले. चारही दिशांचे होते, आणि चारही ठिकाणी ती दक्षिणेकडे तोंड केलेल्या माणसाचा उजवा हात पूर्वेला धरीत होती.