बडतर्फीनंतरचा कारभार

अमेरिकेतील थ्रॅश मेटल संगीताची हकीकत सांगणारे बहुतेक लेखक गिटारवादक डेव्ह मस्टेनचे नाव प्रथम उच्चारतात ते मेटॅलिका या बँडमधील त्याच्या बडतर्फीच्या संदर्भात, आणि त्याची पुढील सारी कारकीर्द म्हणजे त्या एका अपमानाचे दीर्घ उत्तर, असा निवाडा देऊन मोकळे होतात. सुडाच्या आवेगाने एखादी ध्वनिमुद्रिका निघू शकेल. परंतु चाळीस वर्षे एक स्वतंत्र वादनशैली नांदती ठेवण्यास सूड पुरत नाही, आणि मस्टेनचे कर्तृत्व शोधावयाचे तर ते त्याच्या डाव्या हाताच्या बोटांत शोधावे लागते.

ती बडतर्फी मात्र विस्ताराने पाहण्याजोगी आहे. १९६१ साली कॅलिफोर्नियातील ला मेसा येथे जन्मलेला हा तरुण एका जाहिरातीस उत्तर देऊन मेटॅलिकात दाखल झाला. त्याच्या मद्यपानास आणि मारामाऱ्यांस विटलेल्या सहकाऱ्यांनी एप्रिल १९८३ मध्ये, पहिल्या ध्वनिमुद्रिकेचे काम सुरू होण्यास थोडाच अवधी उरला असताना, त्याला न्यूयॉर्कमध्ये आपला निर्णय ऐकविला व लॉस एंजेलिसच्या बसमध्ये बसवून दिले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘किल ’एम ऑल’मधील चार आणि पुढच्या वर्षीच्या ‘राइड द लायटनिंग’मधील दोन रचनांवर सहरचनाकार म्हणून त्याचे नाव कायम राहिले, म्हणजे माणूस बेदखल झाला तरी त्याची स्वरनिर्मिती त्या घरात नांदत होती, हे दप्तरी नमूद आहे. त्या बसप्रवासात सिनेटर ॲलन क्रॅन्स्टन यांचे अण्वस्त्रांविषयीचे एक पत्रक त्याच्या हाती पडले, आणि दहा लाख मृत्यूंचे माप सांगणाऱ्या त्यातील शब्दावरून ‘मेगाडेथ’ हे नाव निघाले.

‘मेगाडेथ’ या नव्या बँडचा कारभार त्याने बासवादक डेव्हिड एलेफसनसह मांडला. मनाजोगता गायक मिळेना, तेव्हा गायनाची जबाबदारीही स्वतःच पत्करली. सामान्यतः गायक-गिटारवादक गाताना हाताला सोपे काम देतो. मस्टेनने तसे केले नाही. दोन शेजारच्या तारांवरील कॉर्ड एकामागून एक वाजविताना हात सरकविण्याऐवजी चारही बोटांच्या दोन जोड्या आळीपाळीने दाबावयाच्या, म्हणजे वेग वाढतो आणि तारांवर बोटे घासण्याचा आवाज उरत नाही, ही ‘स्पायडर कॉर्ड’ नावाची पद्धती त्यानेच रूढ केली. १९८८ मध्ये उत्तर आयर्लंडमधील अँट्रिम येथे रंगमंचावरून तेथील राजकीय कलहाविषयी त्याने काढलेल्या बेसावध उद्गाराने श्रोत्यांत दंगल उसळली. त्या अनुभवातून निघालेल्या ‘होली वॉर्स’ या गीतात ही बोटे जे काम करतात, ते मला या संपूर्ण संगीतप्रकारातील अत्युच्च वाटते.

धनी म्हणून तो कठोर होता. जॅझच्या संस्कारात वाढलेले ड्रमवादक गार सॅम्युएलसन व गिटारवादक ख्रिस पोलंड यांना त्याने १९८७ मध्ये काढून टाकले. पुढे त्यांच्या जागी गिटारवादक मार्टी फ्रिडमन आणि ड्रमवादक निक मेन्झा आले, ‘रस्ट इन पीस’ (१९९०) सिद्ध झाली, आणि १९९२ ची ‘काउंटडाउन टू एक्स्टिंक्शन’ अमेरिकेच्या विक्रीतालिकेत दुसऱ्या क्रमांकावर दाखल झाली. माणसे बदलली तरी ध्वनी ओळखू येई, कारण रिफ, म्हणजे गीताचा कणा ठरणारे गिटारचे आवर्ती स्वरबंध, रचण्याची मुखत्यारी त्याने सहसा सोडली नाही.

म्हणूनच २००२ चा आघात मर्मावरच झाला. झोपेत डावा हात खुर्चीवर दबून त्याच्या मज्जातंतूस इजा झाली, बोटांतील शक्ती गेली, आणि त्याने बँड विसर्जित केला. दीर्घ उपचारांनी, प्राथमिक धड्यांपासून पुन्हा सुरुवात करून, त्याने हात वळणावर आणला व २००४ मध्ये ‘द सिस्टम हॅज फेल्ड’ ध्वनिमुद्रित केली. एकलवादनासाठी त्याने बोलावले ते ख्रिस पोलंडला. २०१७ मध्ये ‘डिस्टोपिया’ या गीतास ग्रॅमी मिळाले. २०१९ मध्ये घशाच्या कर्करोगाने त्याच्या दुसऱ्या साधनावर घाला घातला. उपचारांनंतर २०२० च्या जानेवारीतच तो युरोपच्या दौऱ्यावर निघाला होता, आणि २०२२ च्या ध्वनिमुद्रिकेत गायन व रिफ ही दोन्ही कामे त्याने पूर्ववत स्वतःच पार पाडली.