बहुखेळाडू नेमबाजी खेळांतील नकाशासंच : तंत्र, अर्थकारण आणि जालना जिल्ह्याचा संदर्भ

प्रस्तावना :

संगणकीय खेळ हा आज महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या जीवनाचा भाग बनला आहे. १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आलेला जालना जिल्हा बियाणे व पोलाद उद्योगांसाठी ओळखला जातो. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू होऊन डेटा स्वस्त झाला आणि मार्च २०१८ मध्ये 'पबजी मोबाईल' हा खेळ आला. त्यामुळे अशा जिल्ह्यांत नेमबाजीचे खेळ प्रामुख्याने मोबाईलमार्गेच रुजले. या खेळांतील 'नकाशासंच' म्हणजे काय, त्यांची विक्री का थांबली आणि त्याचा विद्यार्थ्यांशी काय संबंध आहे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

संकल्पना व तंत्र :

नकाशा म्हणजे खेळाची रणभूमी होय. त्यात भूरचना, इमारती, आडोसे, दृष्टिरेषा आणि खेळाडू अवतरण्याची ठिकाणे यांचा समावेश होतो. १९९३ च्या 'डूम' या खेळात मूळ प्रणाली आणि नकाशांची माहिती स्वतंत्र फाईलींत ठेवली होती. परिणामी मूळ खेळाला हात न लावता नवे नकाशे जोडणे शक्य झाले. असे नकाशे प्रारंभी हौशी खेळाडू तयार करून विनामूल्य वाटत असत. पुढे कंपन्यांनी नकाशांचे संच करून ते इंटरनेटद्वारे विकण्यास प्रारंभ केला. 'कॉल ऑफ ड्यूटी : मॉडर्न वॉरफेअर २' या खेळाचा ३० मार्च २०१० रोजी आलेला पाच नकाशांचा संच १५ डॉलरला विकला गेला. त्यांपैकी तीन नकाशे नवे, तर दोन आधीच्या खेळातील होते.

अर्थकारण :

या विक्रीत एक अंतर्विरोध होता. एकट्याने वाचावयाचे पुस्तक शेजाऱ्याने घेतले नाही, तरी वाचकाचे काही बिघडत नाही. रणभूमीला मात्र प्रतिस्पर्धी लागतो. तीन संच विक्रीस असतील, तर कोणाकडे कोणता संच आहे यानुसार खेळाडूंचे आठ गट पडतात. निम्म्या खेळाडूंनी एखादा संच घेतला असेल, तर यदृच्छेने निवडलेल्या १२ जणांपैकी प्रत्येकाकडे तो असण्याची शक्यता ४,०९६ मध्ये केवळ १ असते. म्हणजेच पैसे मोजणाऱ्यालाच प्रतिस्पर्ध्यांची वाट पाहावी लागते. याच कारणाने 'टायटनफॉल २' (२०१६) आणि 'कॉल ऑफ ड्यूटी : मॉडर्न वॉरफेअर' (२०१९) यांनी नवे नकाशे विनामूल्य दिले. उत्पन्नाचा भार पोशाख, शस्त्रांची सजावट आणि हंगामी पास यांवर गेला. थोडक्यात, मैदान सर्वांचे झाले आणि विक्री अलंकारांची होऊ लागली.

स्थानिक संदर्भ :

मोबाईलवर नकाशांना मूल्य नसले, तरी खर्च असतो. 'पबजी मोबाईल'मध्ये ८ × ८ किलोमीटरच्या मिरामारसारखे नकाशे स्वतंत्रपणे उतरवून घ्यावे लागत. ज्याच्या मोबाईलमध्ये जागा नाही किंवा दिवसाचा डेटा संपला आहे, तो मित्रांबरोबर त्या नकाशावर जाऊ शकत नाही. पूर्वी संचाच्या किमतीने पाडलेली फूट येथे मोबाईलच्या क्षमतेने पडते. भोकरदन वा मंठा तालुक्यातील साधा मोबाईल वापरणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत हा मुद्दा विशेष महत्त्वाचा ठरतो.

२ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र शासनाने माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६९-अ अन्वये ११८ ॲपवर बंदी घातली. त्यांत 'पबजी मोबाईल' होता. जुलै २०२१ मध्ये त्याची भारतीय आवृत्ती आली, जुलै २०२२ मध्ये तीही रोखली गेली आणि मे २०२३ मध्ये परतली. परतताना अल्पवयीनांसाठी दिवसाला तीन तासांची मर्यादा घालण्यात आली. पुण्यातील 'सुपरगेमिंग' या कंपनीने १६ ऑक्टोबर २०२४ रोजी भारतीय कल्पनाविश्वावर बेतलेला 'इंडस' हा विनामूल्य खेळ आणला. त्यातील रणभूमीचे नाव 'विरलोक' आहे. यावरून रणभूमीची रचना हे महाराष्ट्रातही रोजगाराचे क्षेत्र असल्याचे स्पष्ट होते.

निष्कर्ष :

नकाशासंचांचा इतिहास वाणिज्य शाखेत जाल-परिणामाचे, गणितात संभाव्यतेचे आणि भूगोलात भूरचनेच्या आकलनाचे उदाहरण म्हणून वापरता येईल. 'विनामूल्य' या शब्दामागील वेळ, डेटा आणि सजावटीवरील खर्च यांचा हिशेब विद्यार्थ्यांना मांडता यावा, हे अध्यापनाचे उद्दिष्ट असावे. केवळ निषेधाने हे साध्य होणार नाही. त्यासाठी खेळाची रचना अध्यापकांनी प्रथम समजून घेणे आवश्यक आहे.