बालीचं बुकिंग करायचंय आणि ग्रुपवर 'तिकडे जाऊ नका' आलंय? पैसे भरण्याआधी हे तपासा

दुकानदाराची सुट्टी नोकरदारासारखी नसते. आठ दिवस शटर खाली राहिलं की गल्ला बंद, पण भाडं, पगार, लाइटबिल चालूच. म्हणून आम्ही कापडवाले लग्नसराई संपली की जून-जुलैमध्ये बाहेर पडतो. नेमका त्याच वेळी बालीत कोरडा मोसम असतो, त्यामुळे आपल्यातल्या बऱ्याच जणांची पहिली परदेशवारी हल्ली बालीची ठरते. तुमच्यातले काही जण तर टूर बुकिंगचाच जोडधंदा सुरू करताय. प्रवासी असो की बुकिंगवाला, दोघांच्या मोबाईलवर एकच मेसेज येऊन पडतो: "बालीत ज्वालामुखी फुटलाय, सगळे अडकलेत, बुकिंग करू नका!" सोबत लालभडक लाव्ह्याचा फोटो.

यावर एक माणूस घाबरून दिलेला ॲडव्हान्स सोडून देतो. दुसरा म्हणतो, "व्हॉट्सॲपवर काहीही येतं," आणि परत न मिळणारे पैसे भरून मोकळा होतो. मला विचाराल तर दुसऱ्याचं जास्त अवघड आहे. कारण अशा मेसेजमध्ये बऱ्याचदा थोडं खरं असतं, फक्त जागा किंवा तारीख चुकीची असते.

नवीन पार्टी उधारीवर माल मागायला आली की आपण "माणूस चांगला आहे का?" एवढंच विचारून थांबतो का? जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून बघतो, आधी कोणाकडून माल घेत होता त्याला फोन करतो. इथेही तसंच. "बाली सेफ आहे का?" या प्रश्नाला उत्तरच नाही. नेमकं काय, कुठे, कधी घडलं आणि त्यावर बोलायचा अधिकार कोणत्या खात्याला आहे, असं विचारलं की उत्तर मिळायला लागतं.

ज्वालामुखीचंच घ्या. बालीत आगुंग नावाचा पर्वत आहे आणि तो खरोखर जागा ज्वालामुखी आहे. १९६३ च्या उद्रेकात हजाराहून जास्त माणसं गेली. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये तो पुन्हा उसळला, तेव्हा बालीचा विमानतळ २७ ते २९ नोव्हेंबर असा सुमारे अडीच दिवस बंद होता आणि हजारो प्रवासी अडकले. पण धोक्याचा पट्टा होता डोंगराभोवती ८ ते १० किलोमीटरचा. पर्यटक जिथे राहतात ते कुटा तिथून सरळ रेषेत पन्नासएक किलोमीटर लांब. म्हणजे बहुतेकांच्या जिवाला धोका नव्हता, विमानाला होता. राखेतून विमान उडवत नाहीत, कारण ती राख इंजिनात वितळून चिकटते आणि इंजिन बंद पडू शकतं.

आता जागेची गंमत बघा. नोव्हेंबर २०२४ मध्ये "बालीत ज्वालामुखी" म्हणून जे फिरत होतं, तो डोंगर बालीत नव्हताच. लेवोतोबी लाकी-लाकी हा ज्वालामुखी फ्लोरेस बेटावर आहे, बालीपासून सुमारे ८०० किलोमीटरवर. तिथे माणसं दगावली, गावं हलवावी लागली. बालीचे समुद्रकिनारे मात्र नेहमीसारखे चालू होते. तरीही राखेच्या ढगामुळे बालीची विमानं रद्द झाली. जून २०२५ मध्ये तर दिल्लीहून निघालेलं विमान याच कारणाने अर्ध्या वाटेवरून परत आलं. म्हणजे मेसेज खोटा होता का? अर्धा. "जीवाला धोका" हे खोटं, "अडकाल" हे खरं. आपण तयारी अडकण्याची करायची.

हे कळायला फार डोकं लागत नाही. इंडोनेशियाचं सरकारी ज्वालामुखी खातं 'मॅग्मा इंडोनेशिया' या वेबसाइटवर प्रत्येक डोंगराची पातळी दाखवतं. पातळ्या चार: नॉर्मल, वास्पादा, सियागा आणि सगळ्यात वरची आवास. मेसेजमधल्या डोंगराचं नाव तिथे शोधा, नकाशावर आपल्या हॉटेलपासून अंतर मोजा. दहा मिनिटांचं काम आहे. मेसेजमध्ये डोंगराचं नावच नसेल तर तिथेच काय ते समजा. भूकंप आणि त्सुनामीसाठी त्यांचं हवामान खातं, बीएमकेजी. फोटोचा संशय आला तर गूगल लेन्सवर टाका, जुना फोटो असेल तर पुष्कळदा तिथेच उघडा पडतो.

आपलं परराष्ट्र मंत्रालय आणि बालीतला भारताचा वाणिज्य दूतावास यांच्या सूचना बघाच. त्याच्या जोडीला मी ऑस्ट्रेलिया सरकारची 'स्मार्टट्रॅव्हलर' वेबसाइट बघायला सांगतो. २००२ च्या बाली बॉम्बस्फोटात २०२ माणसं गेली, त्यातली ८८ ऑस्ट्रेलियाची. त्यांची माणसं दरवर्षी लाखोंनी बालीला जातात, त्यामुळे तिथली बारीकसारीक नोंदही त्यांच्याकडे सापडते.

दुसरा नेहमीचा मेसेज: "लग्न न झालेल्या जोडप्यांना बालीत जेल." हाही हवेतून आलेला नाही. इंडोनेशियाच्या संसदेने ६ डिसेंबर २०२२ ला नवा फौजदारी कायदा मंजूर केला, तो २ जानेवारी २०२६ पासून लागू झाला, आणि त्यात लग्नाबाहेरचे संबंध गुन्हा ठरवलेत. पण तक्रार फक्त नवरा-बायको, आईवडील किंवा मुलंच करू शकतात. हॉटेलवाला किंवा शेजारी नाही. पर्यटकांच्या लग्नाची चौकशी होणार नाही, असं बालीच्या राज्यपालांनी तेव्हाच जाहीर केलं होतं. ग्राहकाने विचारलं तर हे असंच्या असं सांगा. "काही होत नाही हो," असं उडवून लावू नका.

आता पैशाचं, आणि इथे जरा हळू वाचा. प्रवास विमा घेताना जी घटना आधीच जाहीर झालेली असते, तिच्यामुळे झालेलं नुकसान बहुतेक पॉलिसी देत नाहीत. २०१७ मध्ये आगुंगबाबत ऑस्ट्रेलियातल्या विमा कंपन्यांनी सरळ तारखा लावल्या होत्या: या तारखेनंतर पॉलिसी घेतली तर आगुंगचा क्लेम नाही. म्हणून तिकीट काढलं त्याच दिवशी विमा घ्या, बातमी आल्यावर नको. पॉलिसीत नैसर्गिक आपत्तीने सहल रद्द होणं आणि मुक्काम वाढणं, दोन्ही आहे का ते शब्दशः वाचा. विमान रद्द झालं तर तिकिटाचे पैसे किंवा दुसरी तारीख मिळते, पण हॉटेलचे पैसे हॉटेलच्या नियमाने. आणि तीन दिवस जास्त बंद राहिलेल्या दुकानाचे पैसे कोणीच देत नाही! त्यामुळे परतीच्या दुसऱ्याच दिवशी मोठी डिलिव्हरी किंवा चेक वटायची तारीख ठेवू नका.

गंमत अशी की ज्या गोष्टींनी पर्यटक खरोखर जखमी होतात, त्यांचे मेसेज फिरत नाहीत. भाड्याची स्कूटर, उदाहरणार्थ. आपल्या आरटीओकडून दुचाकीसह आंतरराष्ट्रीय परवाना काढला नसेल तर अपघातानंतर विम्याचा क्लेम अडकतो. परवान्याची फी १००० रुपये आहे, मुदत एक वर्ष. स्वस्त स्थानिक दारूत मिथेनॉल निघाल्याने २००९ मध्ये बाली-लोंबोक भागात वीसहून जास्त माणसं मेली. किनाऱ्यावर लाल झेंडा असेल तिथे पोहायला उतरायचं नाही.

टूरचा जोडधंदा करणाऱ्यांनी ग्राहकाला उत्तर लिहूनच पाठवावं. साधारण असं: "काका, मेसेजमधला डोंगर फ्लोरेस बेटावर आहे, तुमच्या हॉटेलपासून ८०० किलोमीटर. आज सकाळी सरकारी वेबसाइटवर त्याची पातळी अमुक आहे. विमान उशिरा होण्याची शक्यता आहे, त्यासाठी विमा काढलाय. हॉटेल अमुक तारखेपर्यंत फुकट रद्द करता येतं. शुक्रवारी पुन्हा बघून कळवतो." पातळी आणि तारीख स्वतः बघूनच भरायची. "शंभर टक्के सेफ" हे शब्द कधीच लिहायचे नाहीत, उद्या तोच स्क्रीनशॉट तुमच्यासमोर येईल.

आणि मार्चचं बुकिंग असेल तर एक तारीख आधी काढून ठेवा. "बालीचा विमानतळ पूर्ण बंद" असा मेसेज तेव्हाही येतो, आणि तो शंभर टक्के खरा असतो. न्येपी म्हणजे बालीच्या शक वर्षाचा पहिला दिवस, बहुतेक वेळा मार्चमध्ये. त्या दिवशी २४ तास विमानतळ बंद, रस्ते बंद, पर्यटकांनीही हॉटेलच्या आतच राहायचं. तारीख कितीतरी आधी जाहीर झालेली असते. माझ्या मते तो दिवस टाळण्यापेक्षा एक दिवस आधी पोचावं, आदल्या संध्याकाळी निघणाऱ्या ओगोह-ओगोहच्या मिरवणुका बघण्यासारख्या असतात.